घाटावरचा फळा

पत्र (थोडक्यात)

ताई, माझं गाव पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला. समोर वैनगंगा, गावामागे मामा तलाव. आम्ही ढिवर, मासेमारी करणारे. बी.ए. झाल्यावर मी गावातल्याच सेवा केंद्रात काम करते. दोन वर्षांपूर्वी शाळेतला एक जुना फळा मागून आणला, घाटावरच्या पिंपळाला टेकवला आणि रोज सकाळी त्यावर गावच्या बातम्या लिहू लागले. धान खरेदी कधी सुरू होणार, लाइन कधी जाणार, नदी ओलांडायचा डोंगा चालू की बंद, कोणाकडे मयत झाली. त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. ॲडमिन मीच आहे.

मागच्या महिन्यात लिहिलं, "मच्छी सोसायटीने तलाव बाहेरच्या ठेकेदाराला दिला, सभासदांना पत्ताच नाही." घाटावर सगळे हेच बोलत होते. सोसायटीचे अध्यक्ष माझे मोठेबाबा लागतात. ते घरी येऊन बाबांना नको नको ते बोलले. नंतर कळलं की ठराव सभेत झाला होता, पण सभेला माणसं फार थोडी होती. आणि तलाव कोणाला दिलाच नव्हता, मासोळी विकत घेणारा व्यापारी ठरवला होता. दोन दिवसांनी रात्री कोणीतरी फळ्याला शेण फासलं. बाबांचे मासोळीचे पैसेही या खेपेला आले नाहीत. मुद्दाम की उशीर, माहीत नाही. आई म्हणते, "कायले लोकायच्या तोंडी लागतेस? पुसून टाक तो फळा." ग्रुपवरचे पोट्टे म्हणतात, गावातली एक मुलगी पळून गेली ती बातमी का नाही टाकत? आणि तालुक्याचा एक वार्ताहर म्हणतो, गावात लिहून काय मिळते, बातम्या मला देत जा. फळा बंद करू का?

— काठावरची एक मुलगी

उत्तर

लेकी,

फळा बंद करू नकोस. पण उद्या नवी बातमी लिहायच्या आधी तुला मोठेबाबांच्या घरी जायचं आहे. ते काम सोपं नाही, म्हणून आधी त्याचंच बोलू.

तुझ्या त्या एका ओळीत तीन गोष्टी होत्या. तलाव दिला, बाहेरच्या ठेकेदाराला दिला, सभासदांना पत्ता नाही. पहिल्या दोन चुकल्या आणि तिसरी अर्धीच खरी. तलाव ठेकेदाराला गेला याचा अर्थ ढिवराच्या घरात काय होतो, ते तुला मी सांगायला नको. ज्या पाण्यात आजा-पणजानं जाळं टाकलं, त्याच पाण्यात उद्या आपण रोजीनं जायचं. मोठेबाबांवर तू हा आळ घेतलास. नकळत घेतलास, पण घेतलास. व्यापारी ठरवणं ही वेगळी गोष्ट आहे. तीही मोठी बातमी आहे. रोहू-कतल्याला किलोमागे काय भाव ठरला, आधीपेक्षा कमी की जास्त, पैसे किती दिवसांत मिळणार, मरळ त्यात धरली की वेगळी. हे सगळं लोकांना हवं होतं, आणि ते फळ्यावर आलंच नाही.

"घाटावर सगळे हेच बोलत होते," असं तू लिहितेस. घाटावर दहा तोंडं बोलत असली तरी ती दहा जणांची माहिती नसते. एकानं सांगितलेलंच दहा तोंडांतून फिरत असतं.

मी हे शिकले, पण त्याची किंमत दुसऱ्यानं मोजली. तीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या पाठवायची. पावसाळ्यात एका गावाजवळ डोंगा उलटला आणि एक माणूस गेला. बसस्टँडवर उतरलेल्या लोकांना मी नाव विचारलं, एसटीडी बूथवरून बातमी सांगितली आणि घरी जाऊन जेवले. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते धाकट्या भावाचं नाव. गेला होता मोठा. धाकट्याची बायको माहेरी होती, तिला ती बातमी कोणीतरी वाचून दाखवली. नवरा जिवंत आहे हे डोळ्यांनी पाहीपर्यंत त्या बाईनं बसमध्ये जे काही सोसलं असेल, ते माझ्या लिहिण्यामुळे सोसलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. तिनं मला आधी पाणी दिलं. मग एवढंच विचारलं, "बाई, तुमी घरी येऊन काऊन नाई इचारलं?" बसस्टँडपासून ते घर दीड किलोमीटर होतं. मी चालत जाऊ शकले असते.

तेव्हापासून ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याच्या दारात आधी जाते. तूही जात जा. तुला तर दीड किलोमीटरही चालायचं नाही.

मोठेबाबांकडे एकटी जा. बाबांना नेलंस की ते दोन भावांचं भांडण होईल. सरळ सांग, "मोठेबाबा, तलाव ठेकेदाराला दिला असं मी लिहिलं, ते चुकलं. तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. उद्या फळ्यावर तसं लिहिते." ते रागावतील, रागावू दे. मग ठरावाची नक्कल मागून घे. दिली तर लिही, नाही दिली तर "मागितली, मिळाली नाही" एवढंच लिही. दुरुस्ती मात्र कोपऱ्यात बारीक खडूनं नको. चुकीची ओळ जेवढी मोठी होती तेवढीच ही मोठी हवी, आणि ती जितके दिवस फळ्यावर राहिली तितके दिवस हीसुद्धा राहू दे. मी असं लिहिलं असतं: "मागच्या महिन्यात या फळ्यावर तलाव ठेकेदाराला दिल्याचं लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. सोसायटीने मासोळी खरेदीसाठी व्यापारी ठरवला आहे. चूक लिहिणारीची आहे." ग्रुपवरही याचाच फोटो जाऊ दे.

पण तिसऱ्या गोष्टीवरून मागे सरू नकोस. सभेला माणसं थोडी का होती, नोटीस कुठं लावली होती, हा प्रश्न खरा आहे. तो तोंडी विचारलास तर भांडण होईल, कागदानं विचार. बाबा सभासद आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. त्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला शेवटचा तपासलेला ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं आणि समितीच्या सभांचं इतिवृत्त आणि संस्थेशी झालेल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. वार्षिक सभाही वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सोसायटीलाच माहितीच्या अधिकाराचा अर्ज करशील तर बहुतेक तो परत येईल, कारण सहकारी संस्था सरसकट त्या कायद्याखाली येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आहे. म्हणून अर्ज कर तो ज्या सरकारी कार्यालयाने तलाव सोसायटीला मासेमारीसाठी दिला त्याच्याकडे. करारनाम्याची प्रत माग. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. सेवा केंद्रात तू रोज दुसऱ्यांचे अर्ज भरतेस, हा एक आपल्या तलावासाठी भर.

यात एक अट आहे. कलम ३२ चा अर्ज बाबांच्या नावानं जाईल, आणि पोट त्यांचं या सोसायटीवर आहे. त्यांना नीट समजावून सांग. तरी ते नको म्हणाले तर थांब, दुसरा कोणी सभासद तयार होईपर्यंत थांब. त्यांच्या अडलेल्या पैशांबद्दल सोसायटीला लेखी विचारा, उत्तर नाही आलं तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे जा. पण ते फळ्यावर आणू नकोस. स्वतःच्या घरचं गाऱ्हाणं त्यावर एकदा चढलं की उद्या तुझी खरी बातमीही लोक तुझ्या घरच्या नजरेनं वाचतील.

तलावाच्या हिशेबाची बातमी म्हणजे भांडखोरपणा आहे असं कोणी म्हणालं, तर वाईट वाटून घेऊ नकोस. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले हे तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. ते बांधण्यात कोहळी समाजाचं नाव आजही घेतलं जातं. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजे आपला मामा तलाव. त्याच्या पाण्यावर पाळीखालचं धान आहे, तुमची मासोळी आहे, शिंगाडा आहे, गावाची गुरं आहेत. त्याचं काय चाललं आहे हे गावाला कळलं पाहिजे.

हिशेब लिहायची सवय मात्र सोसायटीपासून सुरू करू नकोस. मंडईच्या जत्रेपासून कर. दिवाळीनंतर तुमच्याकडे मंडई भरेल, रात्री नाटक होईल. वर्गणी घरोघर फिरेल. मंडळाच्या पोरांना म्हण, वर्गणी किती जमली, मंडपाला, लायटिंगला, नाटकवाल्यांना किती गेले, उरले किती, हे सगळं या फळ्यावर लिहू. तरुण पोरं याला सहसा नाही म्हणत नाहीत, त्यांना उलट मान वाटतो. एका गावात मी हे होताना पाहिलं आहे. पहिल्या वर्षी मंडईचा हिशेब लागला, दुसऱ्या वर्षी भागवत सप्ताहाचा, आणि मग कोणी न मागता गणपतीवाल्यांनी आपला आणून दिला. एवढं झालं की सोसायटीचा हिशेब मागणारी एकटी तू उरणार नाहीस.

आता ज्यासाठी तुझा फळा मला खरोखर हवा आहे, ते सांगते.

कोकणात बंदरावर बावटा लागतो. वादळ यायच्या आधी त्याचा नंबर बदलतो, आणि "तीन नंबरचा बावटा लागला" एवढं कानावर पडलं की होड्या परत फिरतात. आपल्या नदीला बंदर नाही आणि बावटाही नाही. पूर्वी कोतवाल मुनारी, म्हणजे दवंडी, देत फिरायचा, आता मोबाइलवर मेसेज येतो, तोही कोणाला येतो, कोणाला येत नाही. ऑगस्ट २०२० चे ते शेवटचे दिवस तुला आठवत असतील, तेव्हा तू शाळेत किंवा कॉलेजात असशील. पाऊस मध्य प्रदेशात पडत होता. सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडले, आणि भंडाऱ्यापासून खाली गडचिरोलीपर्यंत वैनगंगा गावांत शिरली. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या लाडजला पाण्यानं वेढा घातला. आपल्या डोक्यावर आभाळ मोकळं असताना नदी कशी चढते, हे त्या वेळी लोकांना उमगेना. वरच्या पाण्याला खाली यायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच आपल्या हातातली संधी, आणि ती बातमीनंच मिळते.

म्हणून जून ते सप्टेंबर फळ्याची सगळ्यात वरची ओळ नदीची असू दे. गोसीखुर्दचे किती दरवाजे किती उघडे, भंडाऱ्याजवळ कारध्याच्या पुलापाशी पातळी चढते की उतरते, संजय सरोवरातून पाणी सोडलं का. जिल्हा प्रशासन हे आकडे देतं, तलाठ्यांकडे आणि तहसीलच्या ग्रुपवर ते येतात. आकडा लिहिताना एक जपायचं. विसर्ग कधी क्युमेकमध्ये सांगतात, कधी क्युसेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १,००० लिटर, एक क्युसेक म्हणजे सुमारे २८ लिटर. पस्तीस पटींचा फरक आहे. "५,००० सोडलं" असं नुसतं लिहिलंस तर गाव एक तर उगाच पळेल, नाही तर झोपून राहील.

आणि हे दोन्ही शब्द गावाला कळत नाहीत, हेही खरं. तुझ्या आईला क्युमेक सांगून काय उपयोग? तिला सांगायचं, पाणी घाटाच्या कितव्या पायरीला आहे. वरच्या पायरीपासून मोजून पायऱ्यांवर रंगानं आकडे घाल, ग्रामपंचायतीकडून एक डबा रंग मिळेल. सकाळी सहाला कितवी पायरी, दुपारी बाराला कितवी, संध्याकाळी कितवी. दोन पावसाळे अशी नोंद वहीत ठेवलीस की धरणावर किती पाणी सोडल्यावर तुमच्या घाटावर कोणती पायरी किती तासांनी बुडते, हे तुला सांगता येईल. हे कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येणार नाही. ते फक्त तुमच्या गावच्या कामाचं आहे.

डोंग्याची ओळही त्याच्याच खाली. आज चालू की बंद, एवढी.

पळून गेलेल्या मुलीबद्दल. लिहू नकोस. सज्ञान मुलगी आपल्या मर्जीनं गेली, तर तो तिचा आणि तिच्या घरचा प्रश्न आहे. ती वयाने १८ च्या आत असेल आणि प्रकरण पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, गेलं असेल, तर तिची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. त्या घरी सध्या आईला अन्न गोड लागत नसेल. शेण फासलेला फळा पाहून तुझ्या आईला काय वाटलं, ते आठव. मुलगी हरवली असती, आईबापानं स्वतः येऊन "लिही" म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी. पोट्टे तुला भित्री म्हणतील, म्हणू दे. फळ्यावर काय लिहायचं हे जसं तू ठरवतेस, तसं काय लिहायचं नाही हेही तूच ठरवायचं.

ग्रुपचं सेटिंग आजच बदल, फक्त ॲडमिनला पोस्ट टाकता येईल असं कर. गप्पांसाठी दुसरा ग्रुप काढू दे त्यांना. सभासदानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्यात ॲडमिनचा हात नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे, तोही आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात. पण माझी काळजी कायद्याची नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भटक्या माणसांना ठार मारलं. ती अफवा मोबाइलवरूनच फिरत होती. तुमच्याकडे कऱ्हांडल्याचं जंगल जवळ, त्यामुळे वाघाचे व्हिडिओ येणारच, कुठले कुठले, कधीचे कधीचे. वाघाची बातमी असेल तर कोणी पाहिला, कोणत्या बांधीजवळ, किती वाजता, वनरक्षकाला कळवलं का, हे सगळं हाती आल्यावरच लिही. उत्तरं नसतील तर ती बातमी नाही.

त्या वार्ताहराशी भांडण नको. रस्ता, पूल, धानाचे चुकारे, शाळेला मास्तर नाही, हे तालुक्यात गाजायला हवं. ते त्याला जरूर दे. पण गावात लिहून काय मिळतं असं तो म्हणतो, ते मला पटत नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' साप्ताहिक चालवलं, त्यातली बरीच वर्षं नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून, शेतकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांच्या भाषेत. खेड्यात बसून लिहिणं हे कमी प्रतीचं काम कधीच नव्हतं. तू पुढे छापील पत्रक काढायचं म्हणालीस तर मात्र नोंदणीचं बघावं लागेल, १ मार्च २०२४ पासून त्याचा नवा कायदा लागू झाला आहे. फळ्याला त्याची गरज नाही.

राहिली आई. तिची भीती खोटी नाही. तू एकटी लिहितेस, म्हणून राग एकट्या तुमच्या घरावर येतो. आणखी दोघी-तिघींना सोबत घे, आणि त्या तुमच्याच मोहल्ल्यातल्या नकोत. एक कुणब्याकडची, एक कोहळ्याकडची, एखादे निवृत्त मास्तर. आठवड्याचे वार वाटून घ्या. ढिवरायचा फळा म्हणून आज तो जितका सहज पुसता येतो, तितका मग पुसता येणार नाही. आईला एक वार दे. लिहायला नको म्हणेल तर तिला नुसतं विचार, आज काय लिहू? बाजारात वांगी काय भावानं होती, कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाच्या परसात पहिलं मोहफूल पडलं, हे तिला तुझ्याआधी माहीत असतं. या बातम्यांना हलकं समजू नकोस. फळ्याजवळ माणूस त्यांच्यासाठी थांबतो आणि थांबला म्हणून वरची नदीची ओळ वाचतो.

शेण धुऊन टाक. कोणी फासलं ते शोधू नकोस.

तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली. २०२० ला पाणी घाटाच्या पायऱ्या ओलांडून गावात कुठपर्यंत आलं होतं? पिंपळाच्या पारापर्यंत, शाळेच्या ओट्यापर्यंत की त्याच्याही वर? म्हाताऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करून घे, त्याआधीच्या पुरांची आठवण असेल तर त्याचीही. खुणा घालून झाल्या की मला फोटो पाठव.

तुझी,
ताई